मानी: ग्रीसच्या दक्षिण टोकाला नऊ रात्री, आई-बाबांसोबत आणि शाकाहारी राहून

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून चौघे निघणार, त्यातले आई-बाबा सत्तरीच्या उंबरठ्यावर आणि आईंचे गुडघे दुखरे. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. सप्टेंबरात नऊ रात्री हाताशी आहेत. ग्रीस बघायचं आहे, पण सँटोरिनी-मिकोनोसची गर्दी नको. समुद्र, डोंगर आणि जुनी गावं हवीत. कुणीतरी मानीचं नाव सुचवलं आहे. जमेल का, आणि कसं?

जमेल. फक्त सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाका: या नऊ रात्रींत एकही बेट घालायचं नाही. 'एवढ्या लांब आलोच आहोत तर दोन दिवस सँटोरिनी' असं म्हटलं की अथेन्सला परत येणं आलं, बोट किंवा विमान आलं, वारा सुटून बोट रद्द होण्याची टांगती तलवार आली, आणि मानीच्या वाट्याला जेमतेम अडीच दिवस उरतात. मानीत अंतरं कमी आहेत, पण वेळ भरपूर लागतो. पळापळीत इथे फक्त वळणं दिसतात.

नकाशात पेलोपोनीज या दक्षिण ग्रीसमधल्या मोठ्या द्वीपकल्पाच्या दक्षिणेला जमिनीची तीन बोटं समुद्रात शिरलेली दिसतील. त्यातलं मधलं बोट म्हणजे मानी. ताइयेतोस पर्वत हा तिचा कणा. त्याचं सर्वात उंच शिखर प्रोफितिस इलियास २,४०७ मीटरचं, आणि तिथून किनाऱ्याचं सरळ रेषेतलं अंतर इतकं थोडं की मे महिन्यात पोहताना वर बर्फाचे पट्टे दिसू शकतात. पश्चिम किनाऱ्यावरचा उत्तरेकडचा भाग म्हणजे बाहेरची मानी: ऑलिव्ह, सुरूसारखी उभी सायप्रसची झाडं, कार्दामिली, स्तुपा, आयोस निकोलाओस ही गावं. अरेओपोलीच्या खाली सुरू होते ती आतली मानी. तिथे माती कमी, दगड जास्त आणि प्रत्येक टेकडीवर दगडी मनोरे. हे मनोरे शोभेचे नाहीत. जमीन तुटपुंजी, घराणी अनेक आणि पिढ्यानपिढ्या चालणारी वैरं. म्हणून घर म्हणजेच किल्ला. शेजाऱ्यापेक्षा आपला मनोरा उंच असणं ही तेव्हा जीवनमरणाची बाब होती. उस्मानी सत्तेला हा मुलूख कधीच पुरता हाताळता आला नाही. १७ मार्च १८२१ रोजी मानीच्या लोकांनी पेत्रोबेई मावरोमिखालिसच्या नेतृत्वाखाली अरेओपोलीत बंडाचा झेंडा उभारला. ग्रीसचा राष्ट्रीय दिवस २५ मार्च, पण अरेओपोलीकर तारखेच्या बाबतीत तडजोड करत नाहीत. जुन्या गावातला एक चौकही '१७ मार्च' याच नावाचा आहे.

सप्टेंबर ही निवड उत्तम. समुद्राचं पाणी अजून २५ अंशांच्या आसपास असतं, ऑगस्टमध्ये सुट्टीवर आलेले ग्रीक लोक परतलेले असतात आणि खानावळी अजून बंद झालेल्या नसतात. १५ ऑगस्टच्या आगेमागे खोली मिळत नाही, आणि ऑक्टोबर संपता संपता स्तुपाकडची निम्मी दुकानं कुलूप लावतात. सप्टेंबरात शक्यतो ५ ते २० तारखेच्या दरम्यान या. शेवटच्या आठवड्यात गडगडाटी पाऊस येऊ शकतो, आणि आला तर बेताने येत नाही. तारखा हलवाव्या लागल्या तर दुसरा पर्याय १५ मे ते १५ जून. रानफुलं तेव्हा असतात, पाणी मात्र थोडं गार. जुलै-ऑगस्ट आई-बाबांसाठी नकोच. पारा ३५ च्या वर जातो, वणव्यांचा धोकाही तेव्हाच सर्वाधिक.

व्हिसा शेंगेनचा. शुल्क प्रौढांना ९० युरो, म्हणजे चौघांचे ३६० युरो, त्यावर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, त्यामुळे जूनच्या सुरुवातीला कामाला लागा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. आई-बाबांच्या विम्यात आधीपासूनच्या आजारांचं कलम नीट वाचा. स्वस्त विम्यात रक्तदाब आणि मधुमेह तिथेच वगळलेले असतात. खोल्या रद्द करता येतील अशाच घ्या. अथेन्स विमानतळावर आता बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद होते, तेव्हा उतरल्यावर तासभर जादा धरून चाला.

आता गाडी. बसने जाता येतं: अथेन्सच्या किफिसोस स्थानकावरून कालामाताला केटेल या सार्वजनिक बससेवेची बस आहे, आणि कालामाताहून कार्दामिली-स्तुपामार्गे इतिलोपर्यंत दिवसाला मोजक्या फेऱ्या आहेत. शनिवार-रविवारी त्याही घटतात. रेल्वेचा विचार करू नका. कालामाताला जाणारी अरुंद रुळांची गाडी २०११ पासून बंद आहे. चौघे, सामान आणि दुखरे गुडघे असताना स्वतःची गाडी हाच पर्याय. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा (तो एक वर्ष चालतो) आणि मूळ परवानाही सोबत ठेवा, दोन्ही मागतात. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं हवं, नाहीतर अनामत घेत नाहीत आणि काउंटरवर खेळ संपतो.

ऑटोमॅटिक गियरची गाडी निदान अडीच-तीन महिने आधी ठरवा. ग्रीसमध्ये त्या कमी आहेत. उजव्या बाजूने चालवायचं, स्टीअरिंग डावीकडे आणि वर गियर उजव्या हाताने, हे सगळं घाटात एकदम शिकायची वेळ येऊ देऊ नका. गाडी मोठी घेऊ नका. चार जणांना सात आसनी लागते असं वाटतं, पण आतल्या मानीत गावातल्या गल्ल्या दोन मीटरच्या आसपास रुंद आहेत आणि दोन्ही बाजूंना दगडी भिंती. मध्यम आकाराची हॅचबॅक आणि चार मऊ बॅगा हे गणित बसतं. चार कडक सुटकेसचं बसत नाही. विमा घेताना टायर, काच, आरसे आणि गाडीचा तळ यांचं संरक्षण आहे का ते विचारा. साध्या 'पूर्ण' विम्यात नेमक्या याच चार गोष्टी बहुधा नसतात, आणि मानीत नुकसान नेमकं त्यांचंच होतं: वळणावर दरडीचे अणकुचीदार दगड पडलेले असतात, गल्लीत आरसा घासतो, कच्च्या रस्त्यावर तळ आपटतो.

रस्ते डांबरी आणि चांगले आहेत. वरंधा घाटातून गाडी काढलेल्या माणसाला इथे घाबरण्यासारखं काही नाही. फरक दोन. एक, स्थानिक चालक वळणावर मधली रेष आपलीच समजतात. दोन, शेळ्या. फोनवरचा नकाशा 'सर्वात जलद' म्हणून तीन मिनिटं वाचवायला कच्च्या वाटेवर नाहीतर खेड्याच्या पायऱ्यांवर नेऊन सोडतो, तेव्हा मुख्य रस्ता सोडायला सांगितलं की आधी पाटी बघा. वेगमर्यादा वस्तीबाहेर ९०, महामार्गावर १३०; वस्तीत पाटी बघा. पेट्रोल पंपावर कर्मचारी भरून देतो. 'अमोलिवदी' म्हणजे पेट्रोल. डिझेलच्या गाडीत ते भरलं गेलं तर सहलीचे दोन दिवस गेले म्हणून समजा, तेव्हा टाकीच्या झाकणावरचा शब्द त्याला दाखवा.

मुक्काम असे लावा. पहिली रात्र कोरिंथ किंवा लुत्राकी परिसरात. अथेन्स विमानतळापासून हे सव्वा-दीड तासाचं अंतर, सगळा महामार्ग, शहरात शिरावं लागत नाही. रात्रभर विमानात काढून त्याच दिवशी कालामातापुढचा घाट चढायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी त्रिपोलीमार्गे कालामाता दीड-पावणेदोन तासांत. तो बुधवार किंवा शनिवार असेल तर कालामाताचा मोठा बाजार भरलेला असतो. अंजीर, ऑलिव्ह, चीज, टोमॅटो तिथेच घ्या. मग कार्दामिलीपर्यंत ३५-३८ किलोमीटर, पण तास धरा. स्ताव्रोपिगी गाव ओलांडल्यावर रस्ता उतरू लागतो आणि खाली कार्दामिली दिसतं. तिथे चालकाने गाडी थांबवावी आणि मगच बघावं.

पुढच्या चार रात्री बाहेरच्या मानीत. इथे तीन पर्याय. कार्दामिली सर्वात देखणं, दगडी घरांचं. पण किनारा गोट्यांचा आणि मुख्य रस्ता गावातूनच जातो. स्तुपाला मऊ वाळू, उथळ पाणी, सपाट फरसबंद किनारा आणि भरपूर ब्रिटिश पर्यटक. आयोस निकोलाओस हे छोटं मासेमारी बंदर, स्तुपाहून जेमतेम तीन किलोमीटर. तुमच्यासाठी मी आयोस निकोलाओस निवडेन: संध्याकाळी आई-बाबांना बंदराच्या कडेने सपाटीवर फिरता येतं, आणि वाळू हवी तेव्हा स्तुपा पाच मिनिटांवर.

खोली घेताना एकच प्रश्न विचारायला विसरू नका: 'तळमजल्यावर आहे का, आणि आत पायऱ्या किती?' मनोऱ्यातलं पाहुणघर फोटोत फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात मजल्यागणिक एक खोली, मधला जिना शिडीइतका उभा, न्हाणीघर खाली आणि पलंग वर. लिफ्टचा प्रश्नच नाही. आईंच्या गुडघ्यांसाठी मनोऱ्याचा तळमजला किंवा शेजारचं बसकं घर मागा. बऱ्याच पाहुणघरांकडे अशी एखादी खोली असते.

दिवस कसा लावायचा ते इथला डोंगर ठरवतो. पश्चिम किनाऱ्यावर ताइयेतोस पूर्वेला आडवा उभा आहे. त्यामुळे सूर्य उगवून बराच वेळ झाला तरी कार्दामिली सावलीत असतं, आणि दुपारनंतर तोच उतार सूर्याकडे तोंड करून भाजून निघतो. म्हणून डोंगरातलं चालणं साडेसातला सुरू करून साडेदहापर्यंत संपवायचं, मग समुद्र, दोन वाजता जेवण, मग झोप. चार वाजता 'अजून उजेड आहे' म्हणून पायवाट धरणारे लोक पाणी संपून परत येतात. उन्हाळ्यात ३ ते साडेपाच हे अधिकृत शांततेचे तास आहेत; दुकानं बंद, गल्ल्या रिकाम्या. पुण्याच्या माणसाला दुपारी एक ते चारचं काही सांगायला नको. संध्याकाळ साडेपाचनंतर पुन्हा सुरू होते, सूर्यास्त सप्टेंबरच्या मध्यावर साडेसातच्या सुमारास. द्वीपकल्पाच्या पूर्व बाजूला, कोत्रोनासकडे, हे सगळं उलटं: सकाळी ऊन, दुपारनंतर सावली.

चालण्यासाठी तुम्हा दोघांना कार्दामिलीची फेरी पुरे. जुन्या कार्दामिलीतला मुर्त्झिनोस घराण्याचा मनोरा आणि आयोस स्पिरिदोनची चर्च, तिथून दगडी फरसबंद गाढववाटेने आया सोफियाची चर्च, मग पेत्रोवुनी खेडं आणि खाली उतरून पुन्हा गाव. पाच-सहा किलोमीटर, अडीचशे मीटरच्या आसपास चढ, थांबत थांबत अडीच तास. या जुन्या वाटांना 'कालदेरिमी' म्हणतात. शतकानुशतकं खूर लागून त्यांचे दगड गुळगुळीत झाले आहेत, कोरडे असताना ठीक, ओले झाले की साबण. घोट्यापर्यंत आधार देणारे बूट आणि माणशी दीड लिटर पाणी घ्या. वाटेवर पाण्याचा भरवसा धरू नका. आई-बाबांना मुर्त्झिनोस मनोऱ्यापर्यंतचा पहिला टप्पा सहज जमेल. तिथेच बसून राहिले तरी सकाळ वाया जात नाही.

विरोस घळ त्याच गावातून वर जाते. तिच्या कोरड्या पात्रातून चालणं म्हणजे तासन्‌तास गोट्यांवरून तोल सावरणं. गुडघे नवे असतील तरच. डोंगरात पावसाचे ढग दिसत असतील तर घळीत उतरूच नका, खाली ऊन असलं तरी वरचं पाणी याच पात्रातून येतं. डोंगरात मेंढपाळांचे कुत्रे भेटले तर पळायचं नाही, उभं राहायचं, कळपाला लांबून वळसा घालायचा. शरदात शिकारीचा मोसम असतो. भडक रंगाचा शर्ट घाला.

डोंगराचा आई-बाबांसाठीचा भाग गाडीतून करा. स्तुपाच्या मागे कास्तानिया हे डोंगराच्या कुशीतलं गाव आहे: दुराकिस घराण्याचा मनोरा, जुन्या चर्च, चौकात कॉफी. दुसऱ्या सकाळी आयोस निकोलाओसहून प्लात्सा, नोमित्सी, थालामेस हा वरचा रस्ता धरा. रस्त्याला लागूनच लहान लहान बायझंटाइन चर्च आहेत, काही हजार वर्षांच्या घरातल्या, आत काळवंडलेली भित्तिचित्रं. बऱ्याच कुलूपबंद असतात. किल्ली कुठे आहे ते चौकातल्या कॉफीवाल्याला विचारायचं; मिळाली तर मिळाली. आत गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत, फ्लॅश वापरू नये, आणि मेणबत्ती लावली तर पेटीत नाणं टाकावं.

पोहण्यासाठी स्तुपा आणि कालोग्रिया या वाळूच्या पुळणी. कालोग्रियात समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे वर येतात. कोमट पाण्यात चालता चालता एकदम बर्फासारखा पट्टा लागतो. बाबांना हृदयाचा त्रास असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा. बाकी बहुतेक किनारे गोट्यांचे आहेत आणि खडकांवर सागरी साळू असतात, म्हणून रबरी तळव्याचे पाण्यातले बूट चौघांनाही लागतील. ते स्तुपात मिळतात, पण मोठ्या मापाचे घरूनच न्या.

सहाव्या दिवशी मुक्काम हलवून पुढच्या तीन रात्री अरेओपोलीत. 'स्तुपातूनच दिवसभरात टोकापर्यंत जाऊन येऊ' हा बेत नेहमी ऐकू येतो. स्तुपा ते तेनारो, म्हणजे मानीचं दक्षिण टोक, एका बाजूने दोन तासांहून जास्त, सगळी वळणं; जाऊन येऊन साडेचार तास गाडीत आणि तेही भर उन्हात. म्हणून मुक्काम हलवायचा. अरेओपोलीत एटीएम, औषधांची दुकानं, बेकरी, आरोग्य केंद्र सगळं आहे. जुन्या गावात गाड्या जात नाहीत, तेव्हा सामान किती अंतर ओढावं लागेल ते आधी विचारा. खाली लिमेनीचं बंदर चित्रासारखं आहे, पण पुळण नाही. पायऱ्यांवरून थेट खोल पाण्यात. आई-बाबांनी तिथे फक्त जेवावं, आणि तेही दर बघून, कारण लिमेनीत दृश्याचे पैसे वेगळे लागतात. पोहायला शेजारचं नेओ इतिलो.

दिरोसची गुंफा अरेओपोलीपासून दहा-अकरा किलोमीटर. चुकवू नये अशी हीच एक ठरलेली जागा. चपट्या तळाच्या होडीतून साधारण १,२०० मीटर पाण्यावरून, मग तीनशे मीटर चालत; लवणस्तंभ इतके खाली आलेले की जागोजागी मान वाकवावी लागते. योआनिस आणि आना पेत्रोखिलू या दांपत्याने १९४९ पासून तिचा शास्त्रीय शोध घेतला. उघडण्याच्या वेळेलाच पोचा. गर्दीच्या दिवशी दहानंतर रांग तासाभरावर जाते. समुद्र खवळला किंवा जोरदार पाऊस झाला तर फेऱ्या बंद ठेवतात, म्हणून हा बेत अरेओपोलीच्या पहिल्या दिवशी ठेवा, म्हणजे दोन दिवस हाताशी राहतात. होडीत बसायच्या फळ्या खूप खाली असतात: बसताना आणि उठताना आईंना दोघांचा हात लागेल, नावाड्याला आधी सांगितलं की तो मदत करतो. आत दमट आणि गारसर, एक पातळ जॅकेट पुरे. बंद जागेची भीती असणाऱ्याने मात्र जाऊ नये. अर्ध्या वाटेतून परत फिरता येत नाही. बाहेर पडायचं तोंड वेगळं आहे, तिथून गाडीपर्यंत थोडं उन्हात चालावं लागतं. खालच्या पांढऱ्या गोट्यांच्या किनाऱ्यावर १८२६ मध्ये इजिप्तच्या इब्राहिम पाशाचं सैन्य उतरलं, तेव्हा पुरुष उत्तरेला लढत होते आणि पीक कापणाऱ्या बायकांनी हातातल्या विळ्यांनीच त्यांना परतवलं.

तेनारोचा दिवस वेगळा ठेवा. अरेओपोलीत टाकी भरा आणि रोख काढा, खाली दोन्ही विरळ आहेत. येरोलिमेनासपर्यंत २२-२५ किलोमीटर, तिथे कॉफी. पुढे वाथिया, टेकडीच्या माथ्यावर दाटीने उभे मनोरे, बहुतेक रिकामे. गल्लीतून फिरा, पण पडक्या मनोऱ्यात शिरू नका. लाकडी मजले आतून कुजलेले असतात. रस्ता संपतो तिथे गाडीतळ आहे. समोरच पोसायडनच्या जुन्या देवस्थानाच्या दगडांतून बांधलेली आसोमातीची छोटी चर्च. इथून मृतांच्या लोकात उतरण्याची वाट होती असं प्राचीन ग्रीक मानत. हे सगळं पाच मिनिटांच्या अंतरावर, आई-बाबांना जमण्यासारखं. पुढे दीपगृहापर्यंत दोन किलोमीटर, एका बाजूला पाऊण तास, वाट खडकाळ आणि एकही झाड नाही. तुम्ही दोघे सकाळी नऊच्या आत निघा. वाटेत उघड्यावरच रोमन काळातली मोझॅक फरशी लागते. तिच्यावर पाय देऊ नका. दीपगृह ग्रीसच्या मुख्य भूमीच्या सर्वात दक्षिणेच्या टोकावर आहे. परतताना दुपारच्या जेवणाला पोर्तो कायो.

आता जेवण, कारण खरी काळजी तिथेच असते, आणि ती अनाठायी आहे. ऑर्थोडॉक्स लोक वर्षातले बरेच दिवस उपास पाळतात, त्यात मांस, दूध, अंडी वर्ज्य. त्यामुळे ऑलिव्हच्या तेलात शिजवलेल्या भाज्यांचा एक आख्खा विभागच इथल्या स्वयंपाकात आहे, त्याला 'लादेरा' म्हणतात: फासोलाकिया म्हणजे टोमॅटोतली फरसबी, बामियेस म्हणजे भेंडी, ब्रियाम म्हणजे वांगं-बटाटा-झुकिनी भट्टीत भाजलेलं, यिगांदेस म्हणजे मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे दाणे, रेविथिया म्हणजे छोले. या गोष्टी दुपारी ताज्या असतात आणि रात्री संपलेल्या, म्हणून मुख्य जेवण दुपारी करा. 'होर्ता' म्हणजे उकडलेल्या पालेभाज्या, वर तेल आणि लिंबू. उन्हाळ्यातला होर्ता म्हणजे बहुधा व्लिता, आपल्या माठाच्याच कुळातली. कोशिंबिरीत ग्लिस्त्रिदा दिसली तर ती आपली घोळ आहे, ओळख पटवून घ्या.

सापळे मात्र आहेत. 'निस्तिसिमो', म्हणजे उपासाचं, असं सांगितलं तरी त्यात माखली, ऑक्टोपस, कालवं चालतात; रक्त नसलेले जलचर त्यांच्या उपासाला चालतात. येमिस्ता म्हणजे भरलेले टोमॅटो आणि मिरच्या, कधी नुसत्या भाताचे, कधी खिम्याचे. 'एही किमा?' म्हणजे 'खिमा आहे का?' हे दर वेळी विचारा. द्राक्षाच्या पानांच्या दोल्मादेसनाही तेच लागू. तारामोसालाता गुलाबी आणि निरुपद्रवी दिसते, ती माशांच्या अंड्यांची असते. मानीचा खास सापळा म्हणजे सिग्लिनो: धुरावलेलं, संत्र्याच्या सालीत शिजवलेलं डुकराचं मांस. ते टोमॅटो-अंड्याच्या कायानामध्ये न विचारता पडतं, तेव्हा 'होरीस सिग्लिनो' म्हणा. 'इमे होर्तोफागोस' म्हणजे मी शाकाहारी, पण त्यावर भरवसा ठेवून थांबू नका, पुढे 'होरीस क्रेआस, होरीस प्सारी' म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे जोडा. कांदा-लसूण टाळणारं कुणी असेल तर 'होरीस क्रेमिदी, होरीस स्कोर्दो'. सॅलडमध्ये जमतं, लादेरात नाही, तिथे कांदा मुळातच असतो. तळणीचं तेल माशांचं आणि झुकिनीच्या वड्यांचं बहुधा एकच. चिजात प्राण्यांपासूनचं विरजण असू शकतं. कडक पाळणाऱ्यांनी फेटा चीजही सोडावं. लालांगिया मात्र बिनधास्त खा: कणकेच्या दोऱ्या ऑलिव्हच्या तेलात तळलेल्या, अरेओपोलीच्या बेकरीत मिळतात, प्रवासात दोन दिवस टिकतात.

रात्रीचं जेवण इथे साडेआठ-नऊला सुरू होतं. आई-बाबांना सातला जेवायची सवय असेल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. छोटा कुकर आणि दोन किलो डाळ-तांदूळ सामानात जड नाहीत. टेबलावर न मागता पाव येतो आणि त्याचे माणशी एक-दीड युरो लागतात, नको असेल तर लगेच परत द्या. साधारण खानावळीत शाकाहारी माणशी १५ ते २० युरो धरा.

बिलात आणखी एक गोष्ट दिसेल, हवामान संकटासाठीचं शुल्क, प्रत्येक खोलीला प्रत्येक रात्री, जागेवर द्यायचं. एप्रिल ते ऑक्टोबर तीन तारांकित हॉटेलात ५ युरो, चार तारांकितला १०. दोन खोल्या, नऊ रात्री, तीन तारे म्हणजे ९० युरो. ऑनलाइन दाखवलेल्या किमतीत हे बहुधा धरलेलं नसतं. कागद संडासात टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. नळ्या अरुंद आहेत आणि तुंबल्या की तुम्हालाच त्रास. आतल्या मानीत नळाचं पाणी पिऊ नका, बाटलीचं घ्या.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, अर्धी हातातल्या पिशवीत. आरोग्य केंद्रं आयोस निकोलाओस आणि अरेओपोलीला आहेत, मोठी रुग्णालयं कालामाता आणि स्पार्टाला. आपत्कालीन क्रमांक ११२, इंग्रजी चालतं. वणव्याचा इशाराही याच यंत्रणेतून सगळ्यांच्या फोनवर कर्कश आवाजात येतो. त्यात गावाचं नाव आणि कुठे जायचं ते लिहिलेलं असतं. तुमच्या गावाचं नाव असेल तर सामान न आवरता निघायचं.

नववी रात्र मिस्त्राला किंवा स्पार्टाला. अरेओपोलीहून यिथियो २६ किलोमीटर, बंदरात जेवण. हौस असेल तर जवळच्या वाल्ताकी किनाऱ्यावर १९८१ पासून वाळूत रुतलेलं दिमित्रिओस जहाज. तिथून स्पार्टा तासाभरात. मिस्त्राचं उद्ध्वस्त बायझंटाइन शहर उभ्या टेकडीवर आहे आणि दोन दरवाजे आहेत. आई-बाबांना वरच्या दरवाज्याने न्या, आया सोफिया आणि राजवाडा तिथून जवळ. मग सगळ्यांनी परत गाडीत बसून खालच्या दरवाज्याशी या आणि खालची चर्च वेगळी बघा. तिकीट जपून ठेवा, दुसऱ्या दरवाज्यावर दाखवावं लागतं. एका दरवाज्यातून दुसऱ्यापर्यंत चालत उतरण्याच्या पायऱ्या दुखऱ्या गुडघ्यांचं काम नाही. स्पार्टाहून अथेन्स विमानतळ पावणेतीन ते तीन तास. गाडी परत करायला तास, चेक-इनला तीन तास धरून उलटा हिशेब करा; रात्रीचं विमान असेल तर मिस्त्रा शेवटच्या दिवशी सकाळी बसतं, दुपारचं असेल तर आदल्या संध्याकाळीच उरकावं लागेल, आणि मग यिथियोला जेवायला थांबू नका.